घामाचा टांगा

मुंबईची बोट रत्नागिरीच्या धक्क्याला लागत नाही. बाहेर थांबते आणि माणसांना पडावात (लहान होडीत) उतरवते. माझा एक जोडा पडावात उतरला, दुसरा समुद्रात. त्यामुळे पालीला मामेबहिणीकडे जायचा टांगा मी अनवाणीच ठरवला.

टांगेवाला रामा पन्नाशीचा. टांगा आणि घोडे नाक्यावरच्या शेटजींचे. पहिली घाटी (चढण) आली तसा तो म्हणाला, "पावनं, उतरा."

"अरे, माझ्या पायांत काही नाही."

"घोड्याच्या पायांत नाल हाय, पन घाम येतो त्याला."

उतरलो. रामाही लगाम धरून चालू लागला. टांगा परतला की शेटजी घोड्याच्या मानेवर हात ठेवतात, हात ओला झाला तर माणूस बदलतात, असे त्याने सांगितले. घोडे दोन होते, ते एक दिवसाआड विसावा घेत. रामा एकच होता.

"आदल्या मानसाला असाच काढलान," तो म्हणाला.

पालीहून निघायच्या सकाळी बहिणीने घावन केले. न्यायला आलेला रामाचा टांगा दाराशी उभा असताना मी अकरा खाल्ले. साहजिकच उशीर झाला. वाटेत मी रामाला म्हणालो, "पळव." तो नको म्हणाला. मी बोट, कचेरी, साहेब असे सगळे पुढे केले. बिचाऱ्याने पळवला.

नाक्याअलीकडे घोडा घामाने निथळत होता. रामाने टांगा वडाखाली उभा केला, घोड्याच्या मानेवर हात ठेवला आणि खालीच बसला.

"माजी चाकरी गेली," तो म्हणाला. "तुमी चालत जावा. बोट गावंल."

मला स्वतःची लाज वाटली. मी खांद्यावरचे उपरणे काढले आणि घोडा पुसू लागलो. दुसऱ्या बाजूने रामा गवताने चोळत होता. मध्येच बोटीचा भोंगा झाला. रामाने माझ्याकडे पाहिले. मी मानेला हात लावून पाहिला. अजून दमट होती. पुसत राहिलो. शेवटी त्याच उपरण्याने रामाने तोंड पुसले.

नाक्यावर शेटजींनी मानेवर हात ठेवला. कोरडी. मग रामाच्या चिंब सदऱ्याकडे पाहून म्हणाले, "उद्या-परवा दुसराच घोडा जुंप. हा दमलेला दिसतो."

पुढच्या बोटीने मी गिरगावात पोचलो. बायकोने उपरणे नाकापासून लांब धरले.

"हा घाम कुणाचा?"

"दोघांचा," मी म्हणालो. "पण तिथे एकाचाच बघतात."