डिंपनाच्या तळहातावरची टूही

आयर्लंडातल्या किलब्रॅक गावची टूही व्हिस्की बंद पडून साठ वर्षं झाली होती बघ. डिंपनाच्या बहिणीच्या पोरानं, फर्गलनं, तेच नाव पुन्हा चालवायला घेतलं. भट्टीच्या जुन्या वहीत बघून दारू काढली, तीन वर्षं पिंपात मुरवली, लेबलंसुद्धा छापून आणली. पण जुनी टूही ओळखणारी गावात एकटी डिंपनाच उरलेली, ऐंशीच्या पुढची.

"मावशी, तू हो म्हण, उद्या बाटल्या भरतो," फर्गल म्हणाला. टेबलाखाली त्याचा पाय सारखा हलत होता.

डिंपनानं थोडी तळहातावर घेतली आणि हात खसाखसा चोळले. असं चोळलं की दारूचा भपकारा उडून जातो अन् मागं धान्याचा वास राहतो. तिचा बाप भट्टीवर असंच करायचा. तिनं हुंगलं, पुन्हा हुंगलं. पोराच्या तोंडाकडे तिला बघवेना.

"ओट्स घातलेस का रे?"

"वहीत नुसते जव आहेत."

"जवाचा लगदा चिकटू नये म्हणून भट्टीवरची माणसं डब्यानं ओट्स टाकायची. ते कोण लिहितंय? तू कालवणातलं मीठ लिहून ठेवतोस?"

"कुणाला कळणार आहे, मावशी?"

"मला कळलं की."

फर्गलनं लेबलांचा गठ्ठा उचलून कपाटात ठेवला.

"ही दुसऱ्या नावानं विकतो. नवीला पुन्हा तीन वर्षं. तू असशील ना तोवर?"

"ते मी कसं सांगू? डबा आण, किती टाकायचे ते आत्ताच दाखवते."