हरिदासचे पाणी

हरिदास आमचा थोरला, पुलगावात वाढलेला. तिथल्या दारूगोळा डेपोचे लष्करी ट्रक दिसले की रस्त्याकडेला ताठ उभा राहायचा. पण दर हिवाळ्यात त्याचे गुडघे असे ठणकत की ओरडून घसा बसे. शेजारच्या पंचफुलाबाई वात म्हणत. वर्ध्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितले, याच्या रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात. आजार जन्माचा आहे. थंडी, दमछाक, उंच पहाड टाळा. पाणी भरपूर पाजा.

तेव्हापासून मी लोटा घेऊन त्याच्यामागे. तो तोंड फिरवायचा.

अठरा सरल्यावर तो फौजेच्या भरतीसाठी धावू लागला. मी घाबरून म्हटले, मी तिथल्या डॉक्टरला सांगेन.

"सांगजो," तो म्हणाला. "असं रक्त तं थे पाहतच नाई. तू सांगशील तवाच समजन त्याईले. मंग मी काय करू, थेही सांगजो."

त्याचे बाबा कापडगिरणीत होते, आणि गिरणीचा भरवसा उरला नव्हता. "पोरगं धावून राह्यलं, अन् तू काऊन आडवी येऊन राह्यली?" एवढेच ते बोलले.

त्र्याऐंशीच्या डिसेंबरात मी त्याच्यासोबत वर्ध्याच्या मैदानावर गेले. वजन भरावे म्हणून पोरे केळी खात होती, पोट तडतडेपर्यंत पाणी पीत होती. हरिदासही घटाघटा प्यायला, जन्मात पहिल्यांदा कुणी न सांगता. वजन भरले. मग तो धावला आणि पुढच्या पोरांत पोचला. त्या पाण्यानेच त्याला तारले हे मला कळले.

डॉक्टरच्या रांगेत जाण्याआधी तो कुंपणाशी आला. उजवा पाय टेकवत नव्हता. दुखणे असेच सुरू होई, आणि वेळेवर पाणी मिळाले तर कधी थांबेही.

"आई, पाणी दे."

दिले नसते तर तो तिथेच लंगडला असता आणि माझ्यासोबत घरी आला असता. त्याचे ओठ पांढरे पडले होते. मी घरून आणलेली सुरई वाकवली. तो पीत होता आणि मी त्याच्या पायाकडे पाहत होते. हळूहळू पाय जमिनीला टेकला. तो ताठ चालत रांगेत गेला.

संध्याकाळी त्याचे नाव पुकारले. त्याच्या बाबांनी गिरणीत पेढे वाटले.

आता बोलावणे आले आहे, उद्या तो निघेल. घर झोपले आहे. त्याच्या पेटीत मी पाण्याची बाटली ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. डेपोतले जवान सांगतात, वर पहाडात बाटलीतले पाणी गोठते.