मामेसासऱ्यांचं नाक

ज्यांना विचारल्याशिवाय आजारी पडता येत नाही असे अख्ख्या पुण्यात एकच गृहस्थ आहेत, आणि ते नेमके माझे मामेसासरे आहेत. लग्न ठरलं तेव्हा आमच्या घरच्यांनी मुलीकडची यथासांग चौकशी केली होती, पण नारायण पेठेतल्या या नाकाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. लग्नानंतर मी पहिल्यांदा पाया पडायला वाकलो, तर आशीर्वादाऐवजी मामांनी दोनदा हुंगलं आणि सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाले, "पोट साफ नाही. जेवणानंतर ओवा खात जा." पोट खरोखरच साफ नव्हतं, त्यामुळे मला धड रागावताही आलं नाही.

मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. नळाच्या पाण्याच्या वासावरून खडकवासल्यात पाणी किती उरलंय ते सांगतात, असं मामी म्हणतात, आणि मामींना थट्टा करण्याची सवय नाही. मामांच्या मते स्वयंपाकघर हाच खरा दवाखाना. बाकीचे दवाखाने स्वयंपाक न येणाऱ्या लोकांनी काढलेले आहेत. शिंक आली की सुंठ, दाढ दुखली की लवंग, घसा बसला की ज्येष्ठमध, आणि काहीच होत नसेल तर, "काही होत नाही म्हणजे काहीतरी दबलंय," असं म्हणून जिऱ्याचं पाणी. एकदा नोकरीतल्या बढतीच्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी मला झोप येईना, म्हणून त्यांनी दुधात जायफळ उगाळून दिलं. मुलाखत अकराची होती. मी साडेबाराला उठलो. बायको माझ्याशी बोलेना. मामांना फोन केला, तर ते शांतपणे म्हणाले, "झोप लागली ना?" लागली होती.

लग्नकार्यात त्यांना पंक्तीत बसवणं म्हणजे आचाऱ्याच्या पोटावर पाय देणं. मसालेभाताचा घास ते आधी नाकाशी नेतात, मग आचाऱ्याला बोलावून घेतात आणि दगडफूल मागच्या वर्षीचं आहे, दालचिनी दालचिनीच नव्हे, कसलीतरी साल आहे, असं भर मांडवात सांगतात. वरून, "बाकी उत्तम," असंही म्हणतात. बाकी म्हणजे पाणी. मंडईजवळ काष्ठौषधीचं एक जुनं दुकान आहे. तिथे दर रविवारी सकाळी मी त्यांना स्कूटरवरून नेतो. पन्नास ग्रॅम हिंग घ्यायला त्यांना पाऊण तास लागतो. पाच डबे उघडायला लावायचे, पाचही नाकाला लावायचे, पाचांनाही नावं ठेवायची आणि शेवटी उपकार केल्यासारखा पहिलाच घ्यायचा. दुकानदार बिचारा रविवारी इतर गिऱ्हाइकांना सरळ अकरानंतर यायला सांगतो.

या हिवाळ्यात मामांना चांगलाच ताप आला. आठ दिवस अंथरुणात होते, मग उठले. पुढच्या रविवारी आम्ही दुकानात गेलो. दुकानदाराने पहिला डबा उघडला, मामांनी तो नाकाशी नेला आणि म्हणाले, "छान आहे. द्या." दोन मिनिटांत खरेदी आटोपली. मामा स्कूटरकडे गेले, तसा दुकानदार काउंटरमागून बाहेर आला आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "साहेबांची तब्येत बरी आहे ना? मी चुकून परत पाठवायचा डबा काढला होता. शिळा हिंग आहे तो. अन् ते छान म्हणाले." तीस वर्षांत साहेबांनी त्याच्या दुकानातल्या कशालाच छान म्हटलं नव्हतं. त्याचा चेहरा पडला होता.

घरी आल्यावर मी मामींना एकटं गाठून हे सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला ठाऊक आहे. तापातून उठल्यावर पहिल्याच दिवशी ह्यांनी आमटी चांगली झालीय म्हणून सांगितलं. मी तेव्हाच ओळखलं, काहीतरी बिघडलंय. काल दूध करपलं, मजल्यावरचे सगळे दारात आले. हे ओट्याशेजारीच पेपर वाचत बसलेले." मग एक देठ मोडत म्हणाल्या, "मला सांगत नाहीत. मीही विचारत नाही." असला संसार फक्त पुण्यातच होऊ शकतो.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात समोरच्या बिऱ्हाडातली नवी आई आली. मूळची नागपूरची, नवरा-बायको दोघंही आयटीत, आणि महिनाभर मामांच्या सल्ल्यावरच बाळाला वाढवत असलेली. बाळाच्या टाळूवर लावायला वेखंड हवं होतं. मामांच्या कपाटात तपकिरी चूर्णांच्या चाळीस बाटल्या आहेत आणि एकीवरही चिठ्ठी नाही. वासावरून हात जायचा, चिठ्ठीची गरजच कधी पडली नाही. मामांनी कपाट उघडलं. एक बाटली काढली, झाकण उघडून नाकाशी नेली, ठेवली. दुसरी काढली. तीही ठेवली. मग कपाट बंद करून म्हणाले, "वेखंड संपलंय हो." ती गेली. मामा तिथेच कपाटाच्या दाराला हात लावून उभे राहिले.

मी जवळ गेलो. "मामा, वास येत नाही ना?"

एरवी कुणावरही खेकसतात तसे ते माझ्यावर खेकसले नाहीत. म्हणाले, "जावईबापू, कोळंजन आणि वेखंड दिसायला सारखंच. लेकराला चुकून भलतंच दिलं असतं तर?" आणि मग, अगदी हळू, "हिला सांगू नका. घाबरेल."

मामींना ठाऊक होतं, पण ते मी सांगितलं नाही. दोघांचं एकमेकांपासून लपवलेलं एकच गुपित घेऊन मी दुसऱ्या दिवशी त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. जन्मात पहिल्यांदा मामा मुकाट्याने आले. डॉक्टर मुलीच्या वयाची होती. तपासून म्हणाली, "आजोबा, वास परत येईल किंवा नाही येणार, आत्ता सांगता येत नाही. पण रोज सकाळ-संध्याकाळ लवंग, वेलदोडा, लिंबू आणि गुलाब, एकेक करून हुंगायचं. लक्ष देऊन." मामांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. एरवी दहा वाक्यं बोलले असते. "बरं," म्हणाले.

तेव्हापासून ऑफिसला जाताना मी अर्धा तास नारायण पेठेत थांबतो. मामा डोळे मिटून खुर्चीत बसतात, मी चार बाटल्या एकेक करून पुढे करतो. ते ओळखायचा प्रयत्न करतात आणि मान हलवतात. पोथी वाचावी तसा हा कार्यक्रम रोज चालतो. मामी तेवढा वेळ स्वयंपाकघरातून बाहेर येत नाहीत, पण आत भांड्यांचा आवाजही होत नाही.

गेल्या मंगळवारी मला उशीर झाला होता. गडबडीत मी पहिली बाटली पुढे केली. मामांनी खोल श्वास घेतला, बराच वेळ धरून ठेवला, आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "लवंग. बारीक आहे, पण आली."

मामी हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. मी हातातल्या बाटलीकडे बघितलं. वेलदोडा होता.

मामांना खरंच भास झाला, की मामींना ऐकू जावं म्हणून ते मोठ्याने म्हणाले, मला कळलं नाही, अजूनही कळलेलं नाही. मी बाटली मुठीत झाकली आणि म्हणालो, "लवंगच, मामा." इतकी वर्षं या नाकाची मी धास्ती घेत आलो, त्या क्षणी त्याने मला रंगेहाथ पकडावं, चारचौघांत माझी शोभा करावी, असं मला फार फार वाटलं. मामींनी देवापुढे साखर ठेवली आणि तीच चिमूटभर आणून मामांच्या हातावर घातली. मामांनी डोळे न उघडता ती तोंडात टाकली.

"गोड आहे," म्हणाले. तेवढं मात्र खरं होतं.