नवव्या प्रश्नाचं उत्तर

चष्म्याच्या कारखान्यात तिला सगळे भिंगताई म्हणत. काच चाकावर धरून फ्रेमच्या मापाची घासायची, कडा गुळगुळीत करायच्या आणि मग दिव्यासमोर धरून ओरखडा शोधायचा, हे तिचं काम. दुसऱ्याला जवळूनही दिसणार नाही असा केसाएवढा चरा तिला हातभरावरून दिसे. सुपरवायझर म्हणे, "हिच्यासमोर उभं राहायची भीती वाटते बाबा, आतलंबितलं सगळं दिसत असेल." ती हसून घेई. तिच्या स्वतःच्या आत काय चाललंय ते कुणाला दिसू नये, यातच तिचा सगळा जीव अडकलेला होता.

सहावा महिना लागला होता. तपासणीसाठी ती हॉस्पिटलच्या लाकडी बाकावर तासभर बसली होती आणि पाठ अगदी मोडून आली होती. तेवढ्यात एक चष्मेवाली मुलगी कागदांचा गठ्ठा घेऊन आली. मुलीच्या चष्म्याची डावी काच किंचित तिरकी बसली होती, ते आधी भिंगताईच्या लक्षात आलं. ती काय बोलतेय ते नंतर.

"मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे, ताई. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईच्या मनाचं काय होतं, झोप, भीती, औषधं, दारू, तंबाखू, या सगळ्यावर आमचा अभ्यास चाललाय. पाच वेळा भेटायचं, प्रश्नांची उत्तरं द्यायची. याल का?"

"खोलीत गादीची खुर्ची आहे का?"

"आहे की."

"मग येते."

पहिले आठ प्रश्न सोपे होते. नववा असा होता : गेल्या महिन्याभरात डॉक्टरांनी लिहून न दिलेल्या, किंवा दिल्यापेक्षा जास्त, दुखण्याच्या वा झोपेच्या गोळ्या घेतल्यात का?

"छे!"

ते इतक्या झटकन तोंडातून निघालं की तिचं तीच दचकली. मुलीने खूण केली आणि दहावा प्रश्न वाचायला घेतला. भिंगताईच्या मांडीवर पर्स होती आणि पर्समध्ये चष्म्याच्या जुन्या डबीत गोळ्यांची पट्टी होती. त्यानंतरचे प्रश्न तिला ऐकूच आले नाहीत.

तीन वर्षांपूर्वी तिचं पहिलं बाळ पोटातच, पाचव्या महिन्यात गेलं होतं. सव्वा महिन्याने ती कामावर परतली आणि त्याच आठवड्यात कारखान्याच्या जिन्यावरून घसरून पाठीवर आपटली. डॉक्टरांनी पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या. पाठ दुखायची थांबली. पण त्या गोळीने दुसरंही काहीतरी थांबलं होतं. गेलेल्या बाळाबद्दल डोक्यात दिवसभर जे घुमत राहायचं, ते गोळी घेतली की शेजारच्या घरातल्या रेडिओसारखं लांबून यायचं. पंधरा दिवस संपले, गोळ्या संपल्या नाहीत. कारखान्यामागचा औषधवाला चिठ्ठी मागत नसे. एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. नवऱ्याला, सासूबाईंना, कुणाला पत्ता नव्हता. पुन्हा दिवस गेले तेव्हा तिने ठरवलं, आता बंद. दर सोमवारी ठरवलं.

प्रश्नाला खोटं उत्तर दिल्यापासून मात्र तिची झोपच उडाली. त्यात जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगमधल्या बाईने एक किस्सा तिखटमीठ लावून सांगितला : कुणाच्या तरी चुलत जावेची शेजारीण, नशा करायची, बाळंत झाली आणि तिसऱ्या दिवशी सरकारी ऑफिसची माणसं येऊन बाळ उचलून घेऊन गेली. "आईला तोंडसुद्धा धड बघू दिलं नाही!" पोळीचा तुकडा भिंगताईच्या घशातच अडकला. बायकांनी पाणी पाजलं, पाठीवर थापट्या मारल्या, "दोन जिवांची आहेस, सावकाश खा गं," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने उरलेली पट्टी संडासात टाकून पाणी सोडलं. आता काही पुरावाच नाही, असं वाटून तिला हलकंसुद्धा वाटलं.

ते हलकेपण दीड दिवस टिकलं. मग जांभया सुरू झाल्या, एकामागून एक, डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या. अंगाला घाम, हाडांत कळा. चाकावर काच धरली तर हात असा थरथरला की काच निसटली आणि फरशीवर तिचे तुकडे झाले. सात वर्षांत तिच्या हातून काच फुटली नव्हती. सुपरवायझर धावत आला. "घरी जा, ताई," म्हणाला. ती बाथरूममध्ये गेली आणि दार लावून घेतलं. पोट दगडासारखं घट्ट झालं होतं. आत बाळ धडपडत होतं, कुणीतरी कोंडल्यासारखं, आणि मग एकदम थांबलं.

तिने पोटावर हात ठेवून मनात शंभर मोजले. काही नाही. पुन्हा शंभर. नवऱ्याला फोन लावायचा तर काय सांगायचं? पर्स उपसताना त्या विद्यार्थिनीचं कार्ड हाताला लागलं.

"हॅलो? मी... ते प्रश्नांवाली ताई मी. गादीची खुर्ची."

"हां, ताई, बोला ना."

"बाळ हलत नाहीये."

"लगेच निघा. रिक्षा करा, मी गेटवर उभी राहते. आणि ताई, एक सरळ विचारते, रागावू नका. तुम्ही काही घेत होता का? आणि ते अचानक बंद केलंय का?"

बाहेर चाकांची घरघर चालू होती.

"ताई?"

"हं," ती म्हणाली. तेवढंच.

गेटपाशी ती मुलगी खरंच उभी होती. तिने भिंगताईला दंडाला धरून आत नेलं. जाता जाता भिंगताईने विचारलंच, "मी फॉर्मवर खोटं सांगितलं. आता काय करतील?"

"फॉर्मवर नंबर आहे, नाव नाही. तो फॉर्म आमच्या अभ्यासाबाहेर जात नाही. पण डॉक्टरांना आज खरं सांगावं लागेल, आणि ते तुम्हीच सांगायचं. मी शेजारी बसते."

"आणि बाळ नेलं तर?"

कुणी नेत नाही हो, असं ती म्हणेल या आशेवर भिंगताई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मुलीचा चेहरा पडला होता. "ते मला माहीत नाही, ताई. उगाच शब्द देणार नाही. पण असं एकदम बंद करणं तुम्हा दोघांसाठी धोक्याचं आहे, एवढं नक्की माहीत आहे."

डॉक्टरबाईंनी पोटावर यंत्र टेकवलं. खरखर, खरखर, आणि मग ठोके. घाईघाईचे, पण होते. भिंगताई हुंदके देऊन रडायला लागली.

"कुणी सांगितलं होतं एकदम बंद करायला?" डॉक्टरबाई कडाडल्या.

"बाळासाठी केलं हो."

"मी पण बाळासाठीच बोलतेय. त्या गोळ्यांत अफूच्या जातीचं औषध असतं. शरीराला सवय लागली की ते झटक्यात तोडायचं नसतं. आता मी दुसरं औषध देणार, रोज, मोजून, इथे येऊन घ्यायचं."

"म्हणजे एका खड्ड्यातून काढून दुसऱ्यात घालणार?"

डॉक्टरबाईंना हसू आलं असावं, पण त्यांनी ते दाबलं. "या खड्ड्याची खोली मला माहीत आहे. हळूहळू वर काढता येतं. आणि ऐका, जन्मल्यावर बाळ काही दिवस थरथरेल, किरकिरेल. त्यावर उपाय आहेत. आधी माहीत असलं की आम्ही तयारीत असतो."

नवरा लिफ्टदुरुस्तीच्या कामावरून तसाच आला, हाताला ग्रीस. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून तिने त्याला सगळं सांगितलं, खाली बघत. तो हाताचं ग्रीस रुमालाला पुसत राहिला. मग त्याने विचारलं, "पहिल्या वेळी पण घेत होतीस?"

या एका प्रश्नाला ती तीन वर्षं घाबरत होती, विचारला जाण्याआधीच.

"नाही. शपथ. गोळ्या नंतर आल्या."

त्याने मान हलवली. विश्वास ठेवला की नाही ते तिला कळलं नाही. घरी आल्यावर त्याने आईला सांगितलं. सासूबाई चार दिवस कामापुरतं बोलल्या. पाचव्या दिवशी भाजी निवडताना म्हणाल्या, "मला आधी सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत, आई?"

सासूबाईंनी एक देठ मोडला. "ओरडले असते. दुसरं काय." आणि त्या दिवसापासून औषध घ्यायला जाताना त्या बरोबर यायला लागल्या.

मुलगी झाली. दुसऱ्या दिवसापासून तिचं रडणं बदललं, टोकदार झालं, थांबेचना. हनुवटी थरथरे, मुठी थरथरत, दूध ओढता ओढता सुटे. नर्स ठरावीक वेळाने येऊन कागदावर लिही : झोप किती, शिंका किती, थरथर किती. ती पेन उघडायची आणि भिंगताई कागदाकडे बघायची. प्रत्येक आकडा आपल्यावरचाच आरोप वाटे.

"अंगाला लावून धरा तिला," नर्स सांगे. "दिवा मंद ठेवा, दूध पाजत राहा. निम्मं औषध तुमच्याकडेच आहे." भिंगताई तिला छातीशी धरून बसायची. मानेला रग लागली तरी हलायची नाही. आठव्या दिवशी आकडा उतरला. अकराव्या दिवशी पोरगी सलग दोन तास झोपली, तेव्हा ती श्वास घेतेय ना हे बघायला भिंगताईने तिला चारदा हात लावला.

आणि ज्याची धास्ती होती ते आलंच. बालकल्याण कार्यालयातल्या एक बाई फाइल घेऊन घरी आल्या. भिंगताईने बाळाला इतकं घट्ट धरलं की ते रडायला लागलं. बाईंनी पाळणा बघितला, स्वयंपाकघर बघितलं, औषध कुठे जाऊन घेता ते विचारलं. मग, "बाळाकडे लक्ष कोण देणार?"

सासूबाई पुढे झाल्या. "मी आहे, तिचा बाप आहे, आणि ही तिची आई आहे. वीतभर पोरीला तीन माणसं कमी पडतात का?"

बाईंनी लिहून घेतलं आणि पुन्हा येईन म्हणाल्या. त्या तीनदा आल्या. त्या तीन महिन्यांत जिन्यावर पाऊल वाजलं की भिंगताई उठून उभी राहायची. तिसऱ्या भेटीत बाईंनी फाइल बंद केल्याचं सांगितलं, तरी ती उभीच होती.

विद्यार्थिनीच्या चौथ्या भेटीत प्रश्न आला : गेल्या सात दिवसांत काही कारण नसताना घाबरायला झालं का?

"कारण नसताना? मला कारणांचा तुटवडा आहे होय?"

दोघी हसल्या. मग भिंगताईचं हसू जागच्या जागी विरलं. "एक सांगू? गॅलरीत तिला घेऊन उभी राहिले की वाटतं, हातातून सुटेल. सुटेल असं नाही. मीच सोडीन." ती घाईघाईने म्हणाली, "मला तसं करायचं नाहीये हो. पण डोळ्यांसमोर येतं. हे लिहू नका."

मुलीने पेन खाली ठेवलं. ती घाबरली नाही, तोंड वेडंवाकडं केलं नाही. तसं करावंसं वाटतं का, की ते नुसतं येतं आणि तुम्हाला भीती वाटते, असं तिने शांतपणे, फिरवून फिरवून विचारलं. मग म्हणाली, "असे विचार खूप आयांना येतात, ताई. त्या सांगत नाहीत, एवढंच. मी हे नंबराखाली लिहिणार. पण आधी वरच्या मजल्यावर मनाच्या डॉक्टरांकडे जाऊ या, आत्ताच. चालेल?"

भिंगताई गेली. दर बुधवारी जात राहिली. विचार एकदम गेले नाहीत. पण ते आले की ती आता सासूबाईंना हाक मारते, "आई, जरा घ्या हो हिला," आणि सासूबाई काही न विचारता घेतात.

पोरगी आता दहा महिन्यांची आहे, पायाला धरून उभी राहते. डॉक्टरबाई औषधाचं माप उतरवतायत, अगदी सावकाश. आता आठवड्याच्या गोळ्या घरी मिळतात आणि नवरा रोज सकाळी कामावर जाण्याआधी त्या मोजतो. तिला ते सुरुवातीला टोचायचं. परवा तो घाईत न मोजताच निघाला. दारात बूट घालत होता. भिंगताईने डबी घेऊन त्याला गाठलं.

"मोजून जा."

"असू दे गं. उशीर झालाय."

"मोज," ती म्हणाली, आणि डबी त्याच्या हातात दिली.