बोटांचे ठसे उमटेनात

चाळीस वर्षं पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरकाकांची लेक युरोपातल्या एका राजधानीत राहायची. तिच्याकडे जाण्यासाठी काकांनी दोनदा विमान बदलायचं, तारीख बदलून न मिळणारं स्वस्त तिकीट काढलं. व्हिसाच्या खिडकीत मात्र त्यांच्या बोटांचे ठसेच उमटेनात. खळीने आणि पुठ्ठ्यांनी ते कधीच झिजवले होते.

"काका, जरा जोरात दाबा," खिडकीतली मुलगी म्हणाली. काकांनी घाम फुटेपर्यंत दाबलं.

"पंधरा दिवस काम बंद ठेवा, मलम लावा आणि मग या."

"अगं पोरी, विमान आठ दिवसांवर आलंय!"

ती तरी काय करणार? संध्याकाळी लेकीचा फोन आला. "बाबा, मी सुट्टी टाकलीय हं."

विमान ठरल्या दिवशी गेलं. काका दुकान बंद ठेवून, बोटांना मलम चोळत घरीच बसले होते.