कमलचा हात आणि नवं रेझिन

कमल प्रथम माझ्या लक्षात आली ती वासाने. हरमलहून पेडण्याला येणाऱ्या बसमध्ये नेलपॉलिशसारखं काहीतरी उग्र दरवळत होतं. पुढच्या बाकावरच्या गृहस्थांनी केसांना काही चोपडलं असणार असं ठरवून मी त्यांच्या मानेकडे रोखून बघत होते. निवृत्त झाले तरी माझ्या डोळ्यांतली शाळा काही सुटलेली नाही. शेजारी बसलेली बाई हळूच म्हणाली, "बाई, तेंका कित्याक बघतास? वास माझो."

ती कमल. हरमलच्या एका शेडमध्ये ती होड्या आणि सर्फबोर्ड, म्हणजे लाटांवर उभं राहायच्या फळ्या, बनवायची. काचेच्या तंतूंचं कापड पसरायचं, त्यावर रेझिन, म्हणजे सुकल्यावर टणक होणारी चिकट राळ, ओतून ते एकसारखं दाबून बसवायचं. वास त्या रेझिनचा. त्याने तिला धाप लागू लागली होती आणि डॉक्टरांनी काम सोडायला सांगितलं होतं.

"सोडून काय करू? घरात बसून घोवाचा तोंड बघू?"

शेडचा मालक गौरेश भला माणूस. त्याने जवळजवळ वास नसलेलं दुसरं रेझिन आणलं. एक-दोन बोर्ड करून बघू, जमलं नाही तर आपलं जुनंच, एवढं मात्र त्याने स्पष्ट सांगितलं. जुनं म्हणजे कमल घरी.

पहिल्या बोर्डाच्या दिवशी मी बसमधल्या ओळखीवर आगंतुकासारखी तिथे हजर. रेझिन घट्ट करणाऱ्या द्रवात काजूच्या टरफलाचं तेल असतं असं गौरेशने सांगितलं, तेव्हा काजूच्या गावची म्हणून मी उगाच अभिमानाने मान हलवली. जणू ते मीच काढलं होतं.

दोन भाग रेझिनला एक भाग द्रव. कमलने हातमोजे चढवून नीट वजन केलं, आणि वर द्रवाची बाटली पुन्हा थोडी कलती केली. हवा दमट असली की जुन्या रेझिनला द्रव थोडा वाढवायचा, लवकर सुकतं, ही तिच्या हाताची सवय. आयुष्यभर गुणोत्तर शिकवलेली मी समोर उभी होते आणि मनात म्हणत होते, किती सराईत हात!

दुसऱ्या दिवशी बोर्ड सुकलाय हे आधी माझ्याच लक्षात आलं, म्हणून मी त्यावर टेकले. उठले तेव्हा साडी उठेना.

"टीचर, बोर्ड होयो तर सांगाचो," गौरेश म्हणाला. "घेवन चललात खंय?"

कमल मात्र हसली नाही. नव्या रेझिनला द्रव जास्त झाला की ते चिकटच राहतं, म्हणून मी तिला गुणोत्तर समजावू लागले, तर म्हणाली, "बाई, माका कळता ओ. हाताक कळना. आता तुमी बाटली धरा. मी मागलंय तरी दिव नकात."

दुसऱ्या बोर्डाला मी बाटली पोटाशी धरून पर्यवेक्षकासारखी उभी राहिले.

"बाई, इल्लो."

"नाही."

"थेंबभर ओ!"

"नाही म्हटलं ना!"

नकार द्यायचा एवढा जुना सराव इतक्या उपयोगी कधी पडला नव्हता. बोर्ड टणक झाला. तरीही त्यावर बसायला मला कुणी बोलावलं नाही.

सर्फबोर्ड आता सगळे नव्या रेझिनचे होतात आणि ते कमल करते. होड्या अजून जुन्याच रेझिनच्या असतात, त्यांचं काम चालू असतं त्या दिवसांत ती शेडकडे फिरकत नाही.