नळीत घालायचा कॅमेरा

सासऱ्यांनी बंदूक नवऱ्याच्या हातात दिली तेव्हा तो चाळिशीला टेकला होता, आणि बापाच्या तोंडून त्याने एकदाही बरा शब्द ऐकलेला नव्हता. 'नेभळट' हीच त्याची घरातली हाक, माझ्या माहेरच्या माणसांसमोरसुद्धा. कौतुक सगळं धाकट्या दिराचं. तो बंदरावर ट्रेलर चालवतो, पैसे पाठवतो. अशात परवान्यावर नवऱ्याचं नाव चढलं आणि डुकरं हुसकायला बार काढायचं काम त्याच्याकडे आलं, तेव्हा हा माणूस छाती काढून फिरायला लागला. बापाने बंदूक दिली म्हणजे घराचा कर्ता केलं, असं आमच्याकडे सगळी आळी धरते. मी हौसेने गोडाचं केलं. त्या गोडाची आज मला शिसारी येते.

आमचं शेत तळ्याच्या बाजूला, खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात. बंदूक बारा बोअरची, एकनळी, शेतराखणीची. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि परत यायची ती गंज चढूनच. सासरे बाहेरून खोबरेल चोळून तिला लखलखीत करत, वर नळीच्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबत, धूळ जाऊ नये म्हणून. बोळ्याने आत ओल कोंडते, हे त्यांना सांगायची कोणाची छाती नव्हती. मग पलीकडच्या गावात एकाची नळी बार काढतानाच फाटली आणि डाव्या हाताची बोटं गेली. मी आमची बंदूक उतरवून घेतली. उजेडाकडे धरून बघितलं तर आमच्या नळीत काळे डाग दिसले, पण ते तेलाचे की खड्ड्यांचे, कळेना. नवरा उखडला. "बाबांनी जपलेली हाय ती. दुरुस्तीवाल्याकडं न्यायची न्हाय."

मग मी मोबाइलला जोडायचा, नळीत घालायचा कॅमेरा शोधायला बसले. शिवणाच्या पैशांत बसेल असाच हवा होता. रायफलीच्या बारीक नळीसाठीचे महागडे होते, ते सोडून दिले. आमच्या नळीत अंगठा जाईल. पण अगदी स्वस्तातले समोरचं भोक तेवढं दाखवतात, भिंत दाखवत नाहीत. त्याला टोकाशी छोटा तिरका आरसा लागतो. शिवाय काहींना जवळचं सगळं धुरकट दिसतं, काहींची वायर इतकी लुळी की आत ढकलताच वळते. शेवटी मेकॅनिक इंजिनात घालतात तसला, ताठ वायरचा, आरसावाला घेतला.

दुपारी आम्ही दोघांनी बंदूक बिजागरीशी मोडून उघडून, रिकामी आहे याची खात्री करून, तो आत सरकवला. काडतूस बसतं त्याच्या जरा पुढे भिंतीला खड्डेच खड्डे, आणि त्यांतून गेलेली एक बारीक चीर. नवरा स्क्रीनकडे बघतच राहिला. याच बंदुकीला गाल लावून तो रोज संध्याकाळी बार काढत होता.

मी मोबाइल तसाच ओटीवर सासऱ्यांपुढे धरला. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही.

"ह्याच्यापायी पैशे घातलेस व्हय? मला इचारलं असतंस तर फुकट सांगितलं असतं. मागच्या निवडणुकीला परत आली तवाच बघितलं मी. म्हणून तर वाजवत न्हाय."

"मग यांच्या हातात कशाला दिलीत?" माझा आवाज चढला होता.

"डुकरं कोणीतरी हुसकायलाच हवीत ना गो. धाकट्याचा हात कमावता हाय."

नवरा माझ्या मागेच उभा होता. मला त्या म्हाताऱ्याचा गळा धरावासा वाटला, आणि हे लिहितानाही तसंच वाटतंय. नवरा पुढे आला. त्याने माझ्या हातातून कॅमेरा घेतला, वायर नीट गुंडाळली आणि मला हळूच विचारलं, "हा परत घेतात का गं?"

दिवस मावळायला आला तशी डुकरं भातात शिरली. ओटीवरून हाक आली, "ए नेभळटा, झोपलास काय?" नवरा उठला. बंदुकीला त्याने हात लावला नाही. परसातला तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आणि एक दांडका घेऊन तो बांधावर गेला आणि बडवायला लागला. डुकरं पळाली, तरी तो बडवत राहिला. डबा चेपून सपाट झाला, हाताला रक्त आलं, आणि इकडे सासरे म्हणत होते, "बास कर रे, कान फुटले माझे."